हाबुलचा राजीनामा

चंदननगरचे विनोदी कवी भवतोष सान्याल यांचं घरचं नाव मंगळवारी दुपारी राजीनामा देऊन निघालं.

बंगाली माणसाला नावं दोन. एक दाखल्यावरचं, दुसरं घरात हाक मारायचं. भवतोष हे दाखल्यावरचं, हाबुल घरचं. आता खरं सांगायचं तर ज्या कवितांवर लोक पोट धरधरून हसले, त्या लिहिल्या हाबुलनं. शाली पडल्या भवतोषबाबूंच्या खांद्यावर. पण हाबुलची तक्रार ती नव्हतीच.

"सहा महिन्यांत मला कुणी हाक मारलेली नाही," तो म्हणाला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं नाव ते, गुडघे दुखतात म्हणून जिन्यातच टेकलं होतं. "आता मी रद्द होणार."

"मी मारतो की! ए हाबुल!"

"स्वतःची हाक धरत नाहीत, बाबा. वडीलधारं माणूस लागतं."

नगरपालिकेत घरच्या नावांच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंनीही तेच सांगितलं.

"वडीलधारं कोण उरलंय तुमचं?"

"थोरली बहीण. पण तिला आता काही आठवत नाही हो."

"आठवण आम्ही मागतच नाही. हाक पाहिजे. शुक्रवारपर्यंत."

भवतोषबाबूंची दुर्गापूजेच्या विशेषांकाची कविता अडली होती, ते एक वेळ चाललं असतं. पण उरलेलं आयुष्य नुसतं भवतोष म्हणून काढायचं? छे! त्यांना तिथंच, खिडकीसमोर, रडू फुटलं.

शुक्रवारी दोघं नावेत बसले. उन्हानं गंगा पेंगुळली होती. नाव हलतच नव्हती. पलीकडचा काठच हळूहळू जवळ आला, आणि ते उतरले. हाबुल दिदीच्या ओसरीवर थांबला. न बोलावता नावाला आत जाता येत नाही.

नव्वदीची मृण्मयीदिदी ताटात वाळत घातलेली आंबापोळी राखत बसली होती.

"या डॉक्टरबाबू," ती म्हणाली.

भवतोषबाबूंनी आपली सगळ्यात गाजलेली कविता म्हणून दाखवली. दिदीनं मन लावून ऐकली.

"छान. आणि ही जेवणाआधी घ्यायची की नंतर?"

त्यांनी आई सांगितली, घर सांगितलं, दारातला फणस सांगितला. दिदी मान डोलवत राहिली. चार वाजले. भवतोषबाबू हरले. त्यांनी आपलं सहज आंबापोळीचा एक तुकडा तोडला.

फटकन हातावर चापट बसली.

"हाबुल! बाहेरच्या कपड्यांनी हात लावलास मेल्या? सगळं ताट बाटवलंस!"

ओसरीवर घाईघाईनं चपला काढल्याचा आवाज झाला.

"चुकलं, दिदी," दोघं एकदमच म्हणाले.

दिदीनं आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. राग ओसरला, तसा तिनं दोघांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला आणि दाराकडे बघत विचारलं,

"आणि तो डॉक्टर कुठं गेला रे?"

"गेला तो," हाबुल म्हणाला.