फक्कीची बाग

"सर, बागेतून गाडी नका नेऊ!"

सकाळी कामावर जायच्या घाईत हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. बाग कसली, माझ्या दारासमोरच्या डांबरावर रामटेकेभाऊंनी पांढऱ्या फक्कीनं ओढलेल्या रेघा! हे आमचे शेजारी, वय सत्तरीपार. चंद्रपुरातली रेल्वेलाइन जमिनीखाली न्यायची, हा त्यांचा एकच ध्यास. रूळ खाली गेले की वर बाग होणार. तिचा नकाशा गल्लीत का, तर म्हणे, "कागदावर कोन पाह्यते? रस्त्यावर काढला का लोकं थांबतेत."

थांबतात कसले, शिव्या घालतात. दूधवाल्यापासून कचरागाडीपर्यंत सगळे बाग तुडवून जातात. दुसऱ्या दिवशी नवी बाग हजर.

एकदा वैतागून म्हणालो, "भाऊ, आपल्या गावाखाली कोळशाच्या खाणी. गाडी नेणार कुठून?"

"खाली कोळसा, भवताली वाघ, मधात रेल्वे. मंग मानसानं जावं कुठी, सांगा!"

मी कपाळाला हात लावला.

परवा तर मला टेपचं टोकच धरायला लावलं. बाग चांगली ऐसपैस, पण बसायला बाक एकच, तेही पार पलीकडच्या कडेला.

"मधोमध घ्या ना!"

"नाई."

"काऊन नाई?" मीही त्यांच्याच बोलीत चिडलो.

"बाईचे गुडघे तेवढेच चालतेत. बाकीचं मी चालीन."

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, रुळांपलीकडे राहते. उड्डाणपूल झाला, तसं रेल्वेचं फाटक कायमचं बंद झालं. पादचारी पुलाच्या पायऱ्या तिला गुडघ्यांमुळे चढवत नाहीत, यांना दम्यामुळे. ऑटोनं सणावाराला भेट होते, पण दोघांचा रोजचा चहा तुटला.

तेवढ्यात मालगाडीचा भोंगा वाजला. भाऊ घरातून चहाचा कप घेऊन गल्लीच्या टोकाला, तारेच्या कुंपणाशी गेले. मीही मागोमाग. कोळशाचे डबे संपता संपेनात. गाडी गेली, तेव्हा पलीकडच्या तारेशी एक म्हातारी उभी होती, हातात कप. भाऊंनी कप उंचावला, तिनंही उंचावला, आणि दोघांनी घोट घेतला.

"या डब्यांपायी चहा थंडा होऊन जाते, सर."

कामाला उशीर तर झालाच होता. मी गाडी काढली, आणि बागेला वळसा घालून नेली.