सगळे दिवे हिरवे

मला कुणावर अन्याय झालेला बघवत नाही. या एका गुणापायी आमच्या शाळेचे पाचवीचे प्रवेश जवळजवळ बुडाले होते, आणि त्यात माझ्या सख्ख्या नणंदेच्या मुलीचाही होता.

मी शाळेच्या ऑफिसात अठरा वर्षं कारकून आहे. मागे कॉम्प्युटर सरांनी माझ्या टेबलावर एक जादा स्क्रीन आणून ठेवला. त्यावर शाळेतल्या सगळ्या यंत्रांची नावं आणि प्रत्येकापुढे एक दिवा. हा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी प्रत्येक यंत्राला विचारतो, जागा आहेस का, छापतोस का, तुझं वेब पान उघडतं का. उत्तर आलं तर दिवा हिरवा, नाही आलं तर लाल, वर भोंगा. कुणाला काय विचारायचं ते चौकटीतल्या खुणांवर ठरतं. खूण काढली की तो प्रश्न बंद. (सासूसारखाच प्रकार, फक्त इथे खुणा आपल्या हातात असतात.)

भांडारातला जुना प्रिंटर छपाई नीट करायचा, पण शाई-कागद किती उरला ते दाखवणारं त्याचं वेब पान कायमचं निजलेलं. त्यामुळे दर पाच मिनिटांनी भोंगा. सर दाढ काढायला दोन दिवस रजेवर निघाले, तेव्हा मी म्हटलं, "सर, हा भोंगा ऐकून माझीच दाढ दुखायला लागेल."

"त्या प्रिंटरच्या वेबची खूण काढा," सर म्हणाले. "बाकी कशाला हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खूण काढली. लगेच स्क्रीनने विचारलं, 'हा बदल फक्त या यंत्रासाठी, की सर्व यंत्रांसाठी?' आता मी दोन मुलं वाढवलेली बाई. एकाला सूट दिली की दुसरा नाक फुगवतो, हे मला पुरतं ठाऊक. मी 'सर्व' दाबलं. भोंगा थांबला, सगळे दिवे हिरवेगार झाले. मी चहा मागवला.

तो पाचवीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. फॉर्म फक्त शाळेच्या वेब पानावरच भरायचा. अकराला नणंदेचा फोन आला.

"वहिनी, फॉर्म उघडत नाहीये."

"वन्सं, इथे सगळं हिरवं आहे."

"काय हिरवं आहे?"

"दिवे. तुमचं नेट बघा जरा."

"माझ्या नेटवर मी आत्ता दादाशी व्हिडिओवर बोलले. दाढी करायला सांगा त्याला."

बाराला इतर पालकांचे फोन सुरू झाले. मी प्रत्येकाला शांतपणे सांगत गेले की दोष तुमच्याकडे आहे. एका वडिलांनी माझ्या सांगण्यावरून मोबाइल तीनदा बंद-चालू केला. चौथ्यांदा तो चालूच झाला नाही. एक आई म्हणाली, "तुम्ही स्वतः उघडून बघितलंत का?" मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे त्याला यंत्र आहे." (हे वाक्य आठवलं की मी अजून डोक्यावरून पांघरूण घेते.)

दोनला ह्यांचा फोन. "अगं, ती रडायला आली आहे. दुसऱ्या शाळांचे प्रवेश कधीच संपले. पोरीचं वर्ष जाईल."

"मग मी काय करू? दिवे हिरवे आहेत."

"तू दिव्यांची बायको आहेस की माझी?"

सव्वाचारला नणंद मुलीला घेऊन थेट ऑफिसात उभी राहिली. मी मोठ्या अभिमानाने स्क्रीन तिच्याकडे वळवला. तिने तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"छान आहे. आता इथूनच फॉर्म उघडून दाखवा."

मी उघडायला गेले. पांढरं पान. पुन्हा गेले. पांढरं पान. भाची हळूच म्हणाली, "मामी, आमच्याकडे पण अस्संच येतं."

मी सरांना फोन लावला. त्यांच्या तोंडात कापूस होता.

"फर्फरचं वेफ पान फंद पडलंय," सर म्हणाले.

"कोण फरफटलंय?"

"फर्फर! ज्यावर फॉर्म आहे! लाल दिवा नाही लागला?"

"नाही, हिरवा आहे."

"मॅडम, वेफची खूण कुणाकुणाची काढली?"

"सगळ्यांची. भेदभाव नको म्हणून."

सरांनी तोंडातला कापूस काढला. "म्हणजे यंत्र जागं आहे का एवढंच तो विचारतोय. फॉर्म उघडतो का, हे सकाळपासून त्याने कुणालाच विचारलेलं नाही."

सरांनी सांगितलं तसं मी मागच्या खोलीत जाऊन सर्व्हर बंद करून चालू केला. पान उघडलं तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. मी मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, खोलीत गेले आणि सगळं कबूल केलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आठपर्यंत मुदत वाढवा. सकाळपासून ज्यांना ज्यांना दोष दिलात, त्या सगळ्यांना स्वतः फोन करून सांगा." एकतीस फोन झाले. मोबाइल बंद पडलेल्या वडिलांच्या घरी मी रिक्षाने गेले.

आठच्या आत सगळे फॉर्म आले, भाचीचाही. नणंद काही न बोलता निघून गेली, तेव्हा वाटलं, चला, नात्यातली माणसं असं मनात ठेवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म तपासायला बसले. भाचीचा फॉर्म अगदी नीटनेटका भरलेला होता. नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं बरोबर. शेवटून दुसरा रकाना होता, 'या शाळेत आपले कोणी नातेवाईक काम करतात का?'

नणंदेने भरलं होतं, 'नाही.'