उजवी पाकळी

निकमसर संशोधनाचा प्रस्ताव देवीला विचारून लिहीत. नाशिकच्या आमच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, गडावरच्या देवीची तसबीर होती. एक परिच्छेद झाला की सर तिच्या काचेवर डावी-उजवीकडे शेवंतीची एकेक ओली पाकळी चिकटवत. उजवी आधी पडली तर मजकूर पास. डावी पडली तर "आई नाही म्हणते" आणि कागद टोपलीत.

सर फुलमळेवाल्यांच्या घरातले. घरी विहीर खणतानाही असाच कौल लावत.

"सर, देवीची पीएचडी कशात?" प्रयोगशाळेतला शिंदे विचारायचा.

"तुझ्या डोक्यात काय हाय त्यात. अजून काही सापडलं नाय तिला."

मी तेव्हा हंगामी प्राध्यापिका होते. प्रकल्प मंजूर झाला तरच नोकरी पुढे चालणार होती. विषय झेंडूची मूळकुज. प्रस्ताव कसा लिहायचा, ते सरांनी शिकवलं. पाकळी पडेपर्यंत ते मला मजकूर मोठ्यानं वाचायला लावत. "परत वाच, पोरी." चौथ्या वाचनात माझ्याच लक्षात येई, की दोन उद्दिष्टं खरं तर एकच आहेत. सातांची तीन झाली.

"आईला फापटपसारा चालत नाही," सर म्हणाले.

शेवटच्या दिवशी टपाल पाचला निघणार होतं. पूर्ण प्रस्तावाचा कौल लावला. साडेचार झाले, तरी पाकळ्या हलेनात.

"सर, आता काय करायचं?"

"तू वाच. मान खाली घालून."

वाचता वाचता मी वर पाहिलं. सर करंगळीनं उजवी पाकळी हळूच सरकवत होते. मी पुन्हा मान खाली घातली.

"हो म्हणाली! पळ!"

प्रकल्प मंजूर झाला. नोकरी टिकली.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना सर गेले. घरी कुणी नव्हतं, म्हणून प्रयोगशाळेतलं त्यांचं कपाट मीच आवरलं. त्यात त्यांचा स्वतःचा प्रस्ताव निघाला, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लिहिलेला, कुठेच न पाठवलेला. प्रत्येक प्रतीवर लाल शाईत तेच: 'आई नाही म्हणते.' शेवटच्या प्रतीवर मात्र: 'पाकळ्या पडल्या नाहीत. वाट पाहतो.'

तसबिरीवर दोन्ही पाकळ्या वाळून चिकटलेल्या होत्या. सरांना त्यांचंच लिखाण मोठ्यानं वाचून दाखवायला इतक्या वर्षांत कुणीच बसलं नव्हतं. मीही नाही.

उजव्या पाकळीकडे करंगळी नेली आणि मागे घेतली. मग स्टूल ओढून बसले, शेवटची प्रत उघडली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचू लागले.