गुडघ्याची तलफ

सगळा घोळ माझ्या एका चांगल्या सवयीमुळे झाला. मला वस्तू नीट लावून ठेवायची सवय आहे. (बायको याला रोग म्हणते. पण ती स्वतःचा चष्मा रोज तासभर शोधते, म्हणून तिचं मत मी नोंदवून घेत नाही.)

छत्तीस वर्षं मी एका मोठ्या कचेरीत आवक-जावक विभागात होतो. आलेल्या कागदावर नंबर टाकायचा आणि तो पुढे ढकलायचा. आत काय लिहिलंय ते वाचायचं नाही, हा आमचा पहिला नियम. वाचत बसलो तर काम कधी करणार? या नोकरीने मला दोन गोष्टी दिल्या, सिगारेट आणि डावा गुडघा. सिगारेट साहेबांनी शिकवली. गुडघा वरच्या फळीवरची फाइल काढताना स्टुलावरून पडून गेला. लोकांना मात्र मी फुटबॉल सांगतो.

निवृत्तीनंतर हे दोघेही माझ्याबरोबर घरी आले. मग मुलीला मुलगी झाली. नात चार महिन्यांची झाली तरी मी तिला फोनवरच बघत होतो, कारण मुलीने अट घातली होती.

"बाबा, आधी तीन आठवडे सिगारेट बंद. आणि गुडघ्याचं काहीतरी करा. मागच्या वेळी पाण्याचा जग घेऊन तुम्ही सोफ्यावर कोसळलात. बाळाला घेऊन कोसळलात तर?"

"जग फुटला नाही," मी म्हणालो.

"जग स्टीलचा होता, बाबा."

मला नातीला हातात घ्यायचं होतं, दुसरं काही नको होतं. मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन प्रकारच्या चिकटपट्ट्या लिहून दिल्या. एक निकोटिनची, रोज दंडावर लावायची, म्हणजे तलफ आटोक्यात राहते. दुसरी दुखण्यावरची, गुडघ्याला लावायची. शिवाय जुन्या दुखापती असलेल्या ज्येष्ठांच्या सौम्य व्यायामाच्या वर्गात माझं नाव घातलं. "तलफ आली की खुर्चीत बसून सावकाश पाय वर-खाली करा. पाच मिनिटांत जाईल," ते म्हणाले.

घरी येताच मी पट्ट्यांची खोकी फेकून दिली. खोकी उगाच जागा अडवतात. दोन लिफाफे घेतले, त्यांवर एक आणि दोन असे नंबर टाकले. कोणत्या नंबरात काय, ते एका चिठ्ठीवर लिहिलं आणि ती चिठ्ठी इतकी जपून ठेवली की अजून सापडलेली नाही. पण माझ्या पक्कं लक्षात होतं. एक म्हणजे दंड, दोन म्हणजे गुडघा.

पहिल्याच दिवशी दंड गारेगार पडला आणि अंगाला बामसारखा वास येऊ लागला. वर्षानुवर्षांचा धूर बाहेर पडताना असंच होत असणार, अशी मी समजूत काढली.

वर्गातला व्यायाम सौम्य होता, माणसं नव्हती. तिथे दुखापतीवरून मान ठरायचा. खुबा बदललेल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई पहिल्या रांगेत. मणका सरकलेले एक इंजिनियर त्यांच्या शेजारी. नुसता गुडघा असला की दाराजवळची खुर्ची. (फुटबॉल सांगूनही.) शिकवणारी फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीहून लहान होती. "काका, हळू. दुखलं की थांबायचं," ती सारखी सांगायची. मला तर न दुखताही थांबायला आवडतं.

तरी तिसऱ्या आठवड्यात चमत्कार झाला. हाताचा आधार न घेता मी खुर्चीतून दहा वेळा उठलो. टाळ्या पडल्या. मला दुसऱ्या रांगेत बढती मिळाली आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

"सगळी माझ्या पट्टीची करामत," मी ऐटीत म्हणालो.

बाईंनी मान वळवली. "माझ्या खुब्याला चालेल का हो?"

"चालेल? धावेल!" असं म्हणून दोन नंबरच्या लिफाफ्यातली एक पट्टी मी त्यांना देऊनही टाकली.

आता बाईंनी जन्मभर उत्तरपत्रिका तपासलेल्या. वाचल्याशिवाय त्या बसचं तिकीटसुद्धा घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात उभ्याच होत्या.

"इकडे या. हे काय दिलंत मला?"

"पट्टी, बाई."

"'सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यांसाठी,'" त्यांनी पाकिटावरचं मोठ्याने वाचलं. "मी सिगारेट ओढते असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"छे छे, बाई! ही गुडघ्याची आहे."

"म्हणजे तुमचा गुडघा ओढतो?"

वर्गात हशा पिकला. मणका सरकलेले इंजिनियर पोट धरून हसले आणि मग पाठ धरून बसले. फिजिओथेरपिस्ट धावत आली आणि तिने माझी पँट गुडघ्याच्या वर सरकवली.

"काका, किती दिवस हे इथे लावताय?"

"बावीस."

"आणि दंडावर दुखण्याची पट्टी? दंड दुखत होता का?"

"नाही. आता तर मुळीच दुखत नाही."

तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "निकोटिन अंगात गेलंच असणार. शरीराला नंबर कळत नाहीत, काका. पण गुडघा सुधारला तो व्यायामाने. पट्टीचा त्यात काही संबंध नाही."

इतकं अपमानास्पद कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं.

संध्याकाळी बाईंनी बायकोला फोन केला, बायकोने मुलीला. मुलीपर्यंत पोचलेल्या बातमीत मी वर्गातल्या बायकांना निकोटिन वाटत फिरत होतो. अट पुरी झाली म्हणून रविवारी ती बाळाला घेऊन येणार होती. तिचा फोन आला. "रविवारी मी एकटीच येते, बाबा. बाळाला आणणार नाही."

मला खरंच रडू आलं. आणि खोटं कशाला बोलू, सिगारेटही हवीशी वाटली, फार वाटली. मी खुर्चीत बसून पाय वर-खाली करत राहिलो. पाच मिनिटं केले, मग आणखी पाच. बायको समोर भाजी निवडत होती. हात पुसून तिने फोन उचलला.

"बाळाला घेऊन ये गं. बावीस दिवसांत यांनी एकही ओढलेली नाही. मी रोज खिसे बघते."

(माझे खिसे रोज बघितले जातात, हे मला तेव्हा कळलं.)

रविवारी मुलगी आली. आधी तिने माझ्या शर्टाचा वास घेतला, मग मला दोनदा उठून बसायला लावलं आणि शेवटी नातीला माझ्या हातात दिलं. केवढीशी होती! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. मी घाबरून उठून उभा राहिलो. ती गप्प झाली. मी बसलो. ती रडली. उठलो, गप्प. बसून राहिलो की पुन्हा सुरू. शेवटी मी सावकाश उठ-बस चालूच ठेवली. ती खुदकन हसली आणि डोळे मिटू लागली.

"थांबू नका, बाबा," मुलगी कुजबुजली.

दहा मिनिटं झाली. गुडघा कुरकुरत नव्हता आणि मी सुखात होतो. बायको दारात उभी राहून बघत होती.

"नीट बघून घे गं," ती मुलीला म्हणाली. "कचेरीत माणसं तासन्‌तास समोर उभी असायची, तेव्हा हे खुर्चीतून एकदाही हलले नाहीत. तुझी लेक मात्र पहिल्याच दिवशी काम करून घेतेय."