होला वर, कनेक्शन चालू

शेजारच्या पाक तुगिमान, म्हणजे तुगिमानराव, यांनी आपला होला पिंजऱ्यासकट अंगणातल्या उंच बांबूवर चढवला, की माझ्या सासऱ्यांच्या व्हिडिओ गेमला इंटरनेट मिळत असे. होला खाली उतरवला, की इंटरनेट जात असे.

क्लातेनमधल्या त्या गल्लीत हे सर्वांना ठाऊक होते आणि माझ्याखेरीज कोणालाही त्यात वावगे वाटत नव्हते. मी जवळच्या शहरातल्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. त्यातही विद्युतचुंबकीय लहरी हा माझा खास विषय. जावात राहून मला इतकी वर्षे झाली आहेत, की तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, तळल्याचा वास आला नाही तर मला संध्याकाळ झाल्यासारखे वाटत नाही. तरीही एखाद्या पक्ष्याच्या उंचीवर इंटरनेट अवलंबून असते, हे विधान माझ्या घशाखाली उतरत नव्हते.

प्रकरणाचा आरंभ माझ्याच एका वाक्याने झाला. ते वाक्य असे: "यात काय आहे? दहा मिनिटांचं काम."

कन्सोल पाठवला होता दामारने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, कोरियाहून. माझे सासरे पाक सुगियार्तो यांनी आयुष्यभर रेल्वेचे सिग्नल पाडले आणि उचलले. मुलानेही रेल्वेतच जावे अशी त्यांची इच्छा होती. मुलाने कोरियातल्या कारखान्याची नोकरी धरली आणि ही बातमी वडिलांना पासपोर्ट हातात आल्यावर दिली. तेव्हापासून दामार फोनवर केवळ आईशी बोलत असे. सासरे त्या वेळी शेजारी बसून पेपर वाचत, आणि फोन संपेपर्यंत पान उलटत नसत.

कन्सोल जुना होता, दामारने स्वतः वापरलेला. सोबत फुटबॉलचा एक खेळ, कानाला लावायचा माइकवाला हेडफोन, आणि आईसाठी निरोप: "बापाकना सांग, बोलायची सक्ती नाही. रविवारी संध्याकाळी मला सुट्टी असते. नुसतं खेळू." सासऱ्यांनी निरोप ऐकला, चष्मा पुसला आणि विचारले, "प्राध्यापक, हे लागतं कुठे?"

लागत कुठेच नव्हते. त्या जुन्या यंत्रात बिनतारी इंटरनेटची सोय नव्हती. राउटर पुढच्या खोलीत, सासऱ्यांच्या निवृत्तीच्या मानचिन्हाशेजारी; टीव्ही मागच्या खोलीत; आणि मध्ये कोरीव सागवानी पडदी, जिला खिळा मारण्याची परवानगी सासऱ्यांच्या आजोबांनीही कोणाला दिली नव्हती. मी जमिनीवरून वायर टाकली. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन त्याच वाटेने आल्या. वायर त्याच संध्याकाळी गुंडाळली गेली आणि तिच्याबरोबर मीही थोडासा.

म्हणून वायरलेस अडॅप्टर आणला. अंगठ्याएवढी वस्तू, कन्सोलच्या खाचेत बसवायची, राउटरचे नाव निवडायचे, पासवर्ड भरायचा. सासरे पासवर्डचे एकेक अक्षर गाडीची घोषणा करावी तसे उच्चारत होते आणि मी ते भरत होतो. शनिवारी सकाळी पडद्यावर 'जोडणी उत्तम' अशी अक्षरे आली. काम दहा मिनिटांच्या आतच झाले होते, ही गोष्ट मी चहा पिताना पुन्हा एकदा सर्वांच्या लक्षात आणून दिली.

रविवारी संध्याकाळी जोडणी झाली नाही. पुढच्या रविवारीही झाली नाही.

सकाळी उत्तम चालणारे यंत्र संध्याकाळी बहिरे होत होते. मी अडॅप्टर लांब वायरच्या टोकाला लावून पाहिला, खिडकीत ठेवून पाहिला, राउटरचे चॅनेल बदलून पाहिले. शेवटी, या देशात अशा वेळी सुशिक्षित माणूस जे करतो ते मी केले. सासूबाईंची कढई घेतली, तिच्या मध्यापुढे अडॅप्टर टांगला आणि तिचे तोंड राउटरच्या दिशेने केले. तत्त्वतः यामुळे संकेत कैक पटींनी वाढायला हवा होता. प्रत्यक्षात जी काही तुटपुंजी धुगधुगी शिल्लक होती, तीही गेली.

"झालं का तुमचं?" सासूबाईंनी दारातून विचारले. "तेंपे तुमच्या राउटरवर तळू का?"

माझी पत्नी रेत्नो हिने मला बाजूला घेऊन सांगितले, "अहो, निदान कढई तरी धुऊन द्या."

कारणाचा शोध सासऱ्यांनी लावला. आयुष्यभर खांबाच्या टोकाकडे पाहत राहिलेला माणूस. ओसरीत बसूनही त्यांची नजर वरच असे. ते म्हणाले, "होला वर असला की लागतं. खाली आला की जातं."

हा होला साधा नव्हता. पाक तुगिमान यांनी तो दूरच्या एका नामांकित पक्षीपालकाकडून आणला होता. त्याचे नाव क्याइ ग्लुदुग. 'क्याइ' ही पदवी इथे पूज्य वस्तूंना देतात आणि 'ग्लुदुग' म्हणजे आभाळातला गडगडाट, थोडक्यात, श्री. गडगडाट. सकाळी तो बांबूवर चढून मौन पाळीत असे. पाक तुगिमान म्हणत, उंचावर गेला की तो ध्यान करतो. संध्याकाळी मात्र घरात, पिंजऱ्यावर कापड टाकलेले असताना, तो असा घुमे की गल्लीतली माणसे मुद्दाम त्यांच्या पुढच्या खोलीत चहाला येत. आवाज भिंतीतून आमच्याकडेही येई. असा पक्षी घराला बरकत देतो, हे सर्वमान्य होते. इंटरनेट देतो, ही नवी भर.

मी घरातल्या सर्वांना शांतपणे समजावले की दोन गोष्टी बरोबरीने घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. सिद्ध करून दाखवतो, म्हणालो. रविवारी संध्याकाळी होला वर चढवण्याची विनंती पाक तुगिमान यांना करू, जोडणी होणार नाही, विषय संपेल.

पाक तुगिमान यांनी विनंती मान्य केली. होला वर गेला. जोडणी उत्तम झाली.

त्या क्षणी खोलीत माझ्याकडे कोणीही पाहिले नाही. जावात माणसाचा अपमान करण्याची ही सर्वांत सभ्य रीत आहे.

नंतरचे काही रविवार होला संध्याकाळीही वर जाऊ लागला आणि बापलेक खेळू लागले. पहिल्या सामन्यात सासरे फक्त "पास दे" म्हणाले. दुसऱ्यात, दामारला कॉर्नर किक मिळाली तेव्हा, "जेवलास का?" असे विचारून झाले. तिसऱ्यापर्यंत कोरियातली थंडी, कारखान्यातला मुकादम आणि दामारचा दुखरा गुडघा हे सारे चेंडू बाहेर गेलेला असताना बोलून होऊ लागले. चेंडू आत आला की बोलणे बंद. पुढे पुढे सासरे चेंडू मुद्दाम बाहेर मारू लागले आहेत, असे माझ्या लक्षात आले. 

मग तो रविवार आला. सामना बरोबरीत होता. चेंडू बाहेर गेला आणि दामारने विचारले, "बापाक, या ईदला घरी येऊ का?"

त्याच वेळी गल्लीवर एक घार घिरट्या घालू लागली. पाक तुगिमान यांनी लगबगीने दोरी सोडून क्याइ ग्लुदुगना खाली घेतले आणि घरात नेले. पडदा गोठला. सासऱ्यांचे तोंड उघडे होते. त्यातून निघालेला शब्द खोलीतच राहिला.

रात्री दामारचा आईला फोन आला. उत्तर कळले, म्हणाला. सासूबाईंनी त्याला समजावले की तसे काही नाही रे, घार आली होती, म्हणून होला उतरवला, म्हणून गेम बंद पडला. फोनमधून दामारचा आवाज आम्हा सर्वांना ऐकू आला.

"आई, मी यायला नको असेन तर सरळ सांग. घारीला कशाला मध्ये आणतेस?"

सुट्टीसाठी नावे कारखान्यात पुढच्या सोमवारी द्यायची होती. सासऱ्यांनी फोन करावा, असे रेत्नोने सुचवले. त्यांनी मान हलवली. "प्रश्न ज्या लाइनवर आला, उत्तर त्याच लाइनवर जातं. नाहीतर अपघात होतो." त्या आठवड्यात त्यांनी पेपर उघडला तो उघडाच राहिला.

आता मला हातपाय हलवणे भाग होते. बरकतीवर माझा विश्वास नव्हता, पण पिंजऱ्याला पितळी कड्या होत्या, आणि उंचावरचे धातू लहरी परावर्तित करू शकतात. तेव्हा आपला स्वतंत्र होला असावा, म्हणजे शेजाऱ्याच्या मर्जीवर राहायला नको. मी पक्ष्यांच्या बाजारातून तसाच पिंजरा आणि त्यात एक बेनाव होला आणला, सासऱ्यांच्या अंगणात बांबू रोवला आणि पिंजरा वर चढवला. बांबू शेजारच्यापेक्षा हातभर उंच निघाला. तसा मिळाला, एवढेच त्याचे कारण होते.

माझा होला वर जाताच गाऊ लागला. सकाळभर गात राहिला. शेजारच्या बांबूवर क्याइ ग्लुदुग ध्यानस्थ. गल्लीतली माणसे थांबून आधी एका टोकाकडे, मग दुसऱ्या टोकाकडे पाहू लागली.

दुपारी पाक तुगिमान यांनी आपला पक्षी आत नेला आणि पुन्हा काढला नाही. मी चौकशी केली तेव्हा ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, "त्याची तब्येत जरा नरम आहे. आणि आता तुमच्याकडे इतका चांगला पक्षी आहे." भिंतीतून क्याइ ग्लुदुग यांचे घुमणे आता दिवसभर येऊ लागले, तब्येत नरम असलेल्याच्या मानाने बरेच खणखणीत.

आमची जोडणी मात्र माझा होला वर असो वा खाली, कायमची गेली. सासूबाईंनी माझ्या होल्याकडे बराच वेळ पाहिले. "याच्यात नुसता आवाज आहे," त्या म्हणाल्या. "शक्ती नाही."

रविवार उजाडला. सासऱ्यांनी दुपारीच हेडफोन कानाला लावला आणि ते बंद पडद्यासमोर बसून राहिले. संध्याकाळी मी माझा बांबू उपटला. सासूबाईंनी ताटलीभर तळलेले तेंपे दिले. एका हातात ताटली आणि दुसऱ्या हातात होल्याचा पिंजरा घेऊन मी पाक तुगिमान यांच्याकडे क्षमा मागायला गेलो.

चहा आला. हवेविषयी बोललो, भाताच्या पिकाविषयी बोललो. मुद्द्यावर यायला इथे तेवढे लागते. मग मी पिंजरा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो की हा पक्षी मुळात तुमच्याचसाठी आणला होता, अंगणात फक्त वारा खायला टांगला होता. हे खरे नव्हते, आणि हे त्यांना कळत होते, आणि म्हणूनच ते ऐकून त्यांना बरे वाटले.

कोपऱ्यात कापडाखाली क्याइ ग्लुदुग घुमत होते. तो आवाज ऐकून माझा होला चवताळला आणि प्रत्युत्तर देत फडफडू लागला. पिंजरा कलंडला, त्याची कडी शेजारच्या कापडात अडकली आणि कापड खाली आले.

क्याइ ग्लुदुग झोपले होते. मान पंखात खुपसलेली होती, एक पाय पोटाशी घेतलेला होता. त्यांचे घुमणे अखंड चालू होते.

आम्ही दोघेही पाहत राहिलो.

"झोपेत गातो कधी कधी," पाक तुगिमान म्हणाले.

"थोरामोठ्यांचं तसं असतं," मी म्हणालो.

घुमण्याची एक फेरी संपली आणि, पक्ष्याने कूस न बदलता, दुसरी सुरू झाली. पाक तुगिमान उठले. भिंतीलगतचे कपाट उघडून त्यांनी आत हात घातला. खट्ट असा आवाज झाला. श्री. गडगडाट गप्प झाले.

आणि भिंतीपलीकडून सासऱ्यांचा आवाज आला.

"लागलं."

दामारशी खेळ जुळण्याएवढा वेळ गेला. मग, सिग्नलमनने वाऱ्यापावसात ओरडावे तशा आवाजात: "दामार? ऐकू येतंय? ये म्हणतो. ये. मागच्या वेळीही हेच म्हणत होतो." पाठोपाठ: "आणि गोलकीपर एवढा पुढे कशाला काढतोस?"

पाक तुगिमान यांनी कपाटाचे दार हलकेच लावले. "लग्नाच्या मांडवात ध्वनिक्षेपक लावतो ना, त्या माझ्या भाच्याचं जुनं सामान आहे," ते म्हणाले. "आणल्यापासून एकदाही बोलला नाही हो हा. सगळ्यांना सांगून बसलो होतो, कुठून आणला ते." ते चहाच्या कपाकडे पाहत होते. "गल्लीत काय सांगाल?"

"मी भौतिकशास्त्र शिकवतो," मी म्हणालो. "पक्षी माझा विषय नाही."

हा शब्द मी पाळला आहे. माझा बेनाव होला आता शेजारी कापडाखाली गातो आणि क्याइ ग्लुदुग रोज सकाळी वर चढून ध्यान करतात. जोडणी अहोरात्र टिकते. सासूबाईंच्या मते शक्ती आता घरात मुरली आहे. ईदला दामार आला तेव्हा त्याने होल्यासाठी कोरियाहून दाण्यांचे पाकीट आणले आणि सासऱ्यांनी ते स्वतः शेजारी नेऊन दिले. कढईच्या प्रसंगावरून माझी अजून चेष्टा होते. मला उत्तर देता येत नाही. म्हणून हे मराठीत लिहीत आहे. त्या गल्लीत ते कोणाला वाचता येत नाही.

कारण पुढीलप्रमाणे. त्या कपाटात ध्वनिमुद्रण वाजवणारे एक यंत्र होते आणि त्याला आवाज बिनतारी पाठवणारी एक डबी जोडलेली होती. पिंजऱ्याच्या दुहेरी तळात तो आवाज घेणारी दुसरी डबी आणि लहानसा स्पीकर होता. वायर नेली असती तर ती पाहुण्यांना दिसली असती. कपाट सामाईक भिंतीला टेकलेले होते. भिंतीच्या अलीकडे आमचा अडॅप्टर. डबी आणि अडॅप्टर लहरींचा एकच पट्टा वापरत. डबी त्या पट्ट्यावर सलग बोलत राही, त्यामुळे जवळच्या अडॅप्टरला लांबच्या राउटरचे काही ऐकू येत नसे. होला बांबूवर असताना त्याचा आवाज घरातून येऊन चालणार नव्हते, म्हणून तेवढ्या वेळेपुरती डबी बंद ठेवली जाई. कढईचे तोंड मी ज्या दिशेने केले होते, त्याच रेषेत ते कपाट होते.

वरचा होला मुका आहे.