उकंडरावकाकांचा पाय

गाजावाजा न करता काम उरकावं तर मीच, असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगत असे. म्हणून तर उकंडरावकाकांनी आपला कापलेला पाय माझ्या हवाली केला!

पाय काळा पडला होता. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तो कापला आणि आतली रक्तवाहिनी चिरून मला दाखवली. दुधाच्या पातेल्याला खरवड धरावी तशी ती आतून झाली होती.

"रक्तवाहिनीच्या निरोगी भिंतीवरून रक्तातल्या पेशी सरळ वाहून जातात, बिघडलेल्या भिंतीला मात्र चिकटून बसतात. का, ते अजून नीट कळलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "काकांची विडी मात्र बंद करा."

तेवढा तुकडा त्यांनी अभ्यासासाठी बाटलीत ठेवून घेतला.

काकांची काळजी वेगळीच होती. "पाय मसनात नीट जाळजो बाप्पा. वर अर्धामुर्धा जाऊन काय करू? अन् मी मेलो की सारं गाव आलं पाह्यजे."

"तुमी बिनघोर राहा," मी म्हणालो. तानुकाकूंना त्यांच्याजवळ ठेवलं आणि पोत्यातला पाय घेऊन एसटीत बसलो.

साखरखेर्ड्याला उतरून नजीरभाईंच्या लाकडाच्या वखारीत गेलो. पाय जाळायचाय म्हणायला जीभ रेटेना. "काकाचं उरकायचं हाय, लाकडं मसनात धाडा," एवढंच बोललो आणि मला रडू आलं.

मसनात वाट पाहत बसलो, तर लाकडांच्या गाडीमागे सारं गाव! ज्वारीची सोंगणी टाकून माणसं आली होती, टाळकरी आले होते. मी तोंड उघडायच्या आत पंजाबराव पाटलांनी भाषण सुरू केलं. भांडखोर काका त्यात साधुपुरुष झाले. भाषण ऐन रंगात आल्यावर पाटलांनी विचारलं, "पण मयत कोठी हाय?"

मी पोतं पुढे केलं.

"बाकीचा उकंड्या?"

"दवाखान्यात हायेत. विडी पिऊन राह्यले."

पाय जळाला, पण माणसं चिडून गेली. "पुढच्या टाइमाले आमाले बलावू नोको," पाटील म्हणाले.

काका घरी आले. विडी काही सुटली नाही आणि थोड्याच दिवसांत ते खरोखर गेले. मी रडत दारोदार सांगत फिरलो. पाटील ओट्यावरून उठलेही नाहीत.

"आज काय आनलं? हात?"

शपथा घेतल्या, पाया पडलो. कोणी हललं नाही. शेवटी नजीरभाईंनी लाकडांच्या गाडीवरच काकांना घेतलं. बायका मसनात जात नाहीत, पण माणसं नव्हती म्हणून काकू माझ्यासोबत मागे चालू लागल्या.

"पायाले तं लय गर्दी होती म्हंते," वाटेत त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. गाजावाजा न करता उरकलेलं माझं ते पहिलंच काम.