घड्याळजींचा गुरुवार

“दारात आलेल्याला आधी बस म्हणायचं, चहा विचारायचा, मग काम. आणि दिलेला वार चुकवायचा नाही.” किल्ल्या हाती देताना वडिलांनी एवढंच सांगितलं, आणि घड्याळजींनी ते तीस वर्षं नेमाने पाळलं. यातला पहिला नियम दुसऱ्या नियमाच्या मुळावर येईल, हे मात्र वडिलांनाही सुचलं नसावं.

गल्ली पार बदलली होती. पिठाची गिरणी गेली, तिथे कॉफीचं दुकान आलं. पाटी मात्र ‘पिठाची गिरणी’ हीच. ‘दवाखाना’ लिहिलेल्या दारात केक मिळत. नव्या इमारतींतल्या मंडळींना म्हणे जुन्या पाट्या फार आवडत. जुनी माणसं तेवढी आवडत नसावीत, कारण ती एकेक करून शहराच्या टोकाला निघाली होती. आज शाळेच्या बाईंची पाळी. बारा वाजता त्यांचा ट्रक निघणार होता आणि त्यांचं भिंतीवरचं घड्याळ गुरुवारी, म्हणजे आजच, द्यायचं ठरलं होतं. फक्त लंबक बसवायचा राहिला होता.

दहाला एक जोडपं ‘घड्याळ दुरुस्ती’ ही पाटी वाचून हरखून आत आलं.

“बसा,” घड्याळजी सवयीने म्हणाले. “चहा घेणार?”

“फक्त चहाच?”

“आमच्याकडे तेवढाच असतो.”

“कसलं भारी!” मुलीने बशीचासुद्धा फोटो काढला.

ते गेले आणि चौघं आले. मग नऊ जण.

“अहो, दूध संपलं!” बायको आतून ओरडली. “कोण आहेत हे? एकाच्याही मनगटावर घड्याळ नाही!”

“मला काय माहीत? बसा म्हटलं, बसले.”

“मग उठा म्हणा की!”

“ते वडिलांनी शिकवलं नाही.”

एवढ्यात लंबकाचा स्क्रू दिसेनासा झाला. ज्या बशीत तो ठेवला होता, तीच बशी एका दाढीवाल्याने चहा ओतून तोंडाला लावली होती. सगळे गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागले. दाढीवाल्याने गालातून काहीतरी काढलं.

“हा का? मला वाटलं, साखर विरघळली नाही.”

वैतागून घड्याळजींनी पुठ्ठा टांगला : ‘इथे चहा मिळत नाही.’ त्याचेही फोटो निघाले आणि रांग कोपऱ्यापर्यंत गेली.

लंबक बसला तेव्हा बाराचा भोंगा वाजत होता. घड्याळ छातीशी धरून ते धक्के खात कोपऱ्यावर पोचले. ट्रकचं शेपूट वळताना दिसलं.

ते मान खाली घालून दाराशी परतले.

“काका, मधे घुसू नका. रांग आहे.”

“अहो, दुकान माझं आहे!”

“तुमचं? मग हे तुम्हालाच.” रांगेतल्या एका मुलीने चिठ्ठी पुढे केली. “एक आजी देऊन गेल्या. अर्धा तास माझ्यामागे उभ्या होत्या.”

“मग त्यांना पुढे नाही का सोडायचं?”

“सोडत होतो हो! त्याच रागावल्या. म्हणाल्या, रांग मोडायची नाही.”

चिठ्ठीत फळ्यावरच्यासारख्या वळणदार अक्षरात नवा पत्ता होता. खाली एक ओळ : ‘गुरुवार रात्री बारापर्यंत असतो.’

घड्याळजी वळसा घालून मागच्या दाराने आत गेले. घड्याळ टॉवेलात गुंडाळलं, पिशवीत ठेवलं.

“दोन बस बदलाव्या लागतील,” बायको म्हणाली. “आणि ही जत्रा? यांना काय सांगू मी?”

“बसा म्हण,” असं म्हणून ते आल्या दाराने हळूच बाहेर पडले.